सीडीतला आवाज नव्या गाडीत कसा वाजणार?

मागच्या अंगारकीला आम्ही गटातल्या सहाजणी राजूरच्या गणपतीला निघालो. गाडी एकीच्या मुलाने नवीच घेतलेली. वाटेत ऐकायला सीडींचा जुना डबा सोबत घेतला. त्यात भक्तिगीतं होती, भीमगीतं होती आणि वर पेनाने ‘हळद’ लिहिलेली एक साधी सीडी होती. घरच्या लग्नात हळद दळताना एकीच्या सासूबाईंनी म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. सासूबाई आता नाहीत.

गाडीत मोठा पडदा होता, ब्लूटूथ होतं, पेनड्राइव्ह लावायला जागा होती. सीडी घालायची फट मात्र कुठेच सापडली नाही. डबा राजूरपर्यंत मांडीवरच राहिला.

आवाज साठवायचं साधन बदललं की असंच होतं. काही आवाज पुढे जातात, काही मागे राहतात. आजवर काय काय झालं ते बघू.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. गाणं संपलं की त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. पण ग्रामोफोन असायचा पैसेवाल्यांच्या घरी. आपल्या पणज्या पहाटे जात्यावर गात होत्या, त्यांच्या दारी तबकडीवाले काही आले नाहीत.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज चहाच्या टपरीवर, जीपगाडीत, जत्रेत ऐकू येऊ लागला. शिवाय कोरी कॅसेट आणून आपला आवाजही भरता येत होता.

आपला जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, जपानमध्ये सीडी विक्रीला आली. १२ सेंटिमीटरच्या चकतीवर तासाभराहून जास्त गाणं मावू लागलं. १९८४ पासून गाडीतही सीडी वाजू लागली. आपल्या गावांत ती बरीच उशिरा आली. मग मोबाइल आणि पेनड्राइव्ह आले आणि गाडीवाल्या कंपन्यांनी सीडीची फट काढून टाकली.

बाजारातल्या गाण्यांचं फारसं अडत नाही, ती मोबाइलवर मिळतात. पण हळदीची ती सीडी दुसरीकडे कुठे मिळणार? त्यात घरी किंवा दुकानात भरलेल्या सीडीवर रंगाचा पातळ थर असतो. ऊन, उष्णता आणि चरे यांनी तो खराब होतो. पत्र्याच्या घरातल्या डब्यात ती किती वर्षं टिकेल?

असे आवाज वाचवता येतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सोबत्यांना घेऊन गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काही टेपवर घेतल्या. १९९६ मध्ये गोदावरीपलीकडे, बीड जिल्ह्यातल्या माजलगावात, बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही टेपवर घेतल्या. टेप जुनी झाली, पण आवाज संगणकावर उतरवला होता. म्हणून आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह ऐकता येतात.

आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. संगणकाच्या दुकानात सीडी नेताना एक लक्षात ठेवा. गाण्याची सीडी नुसती कॉपी केली तर नावापुरत्या छोट्या फाइली येतात, आवाज येत नाही. ‘एमपीथ्री करून द्या’ असं सांगा. मग तोच पेनड्राइव्ह गाडीत लावा. एक प्रत मोबाइलमध्ये आणि एक दुसरीच्या घरी ठेवा. काम झालं तरी सीडी लगेच टाकून देऊ नका.

आणि नाव लिहा. कोण गातंय, कुठलं गाव, कोणाचं लग्न, कोणतं साल. गौहर जान यांनी आपलं नाव स्वतः सांगितलं. आपल्या सासवांनी ते सांगितलं नाही, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही ‘हळद’ दुकानात दिली. तीन ओव्या नीट निघाल्या, चौथी मध्येच अडकते. तुमच्या घरचे डबे पुढच्या बैठकीला घेऊन या, उन्हाळ्याच्या आत सगळ्या उतरवून घेऊ.