काशीच्या वाटेवरील ग्वाल्हेर

जन्मात एकदा तरी पाहावे असे स्थळ कोणते, असा प्रश्न आज कोणास केला तर पॅरिसचे, स्वित्झर्लंडचे, फार तर जपानचे नाव ऐकू येते. आपल्या पणजोबांच्या पिढीस हाच प्रश्न केला असता तर कोकणापासून गोमंतकापर्यंत बहुधा एकच उत्तर मिळाले असते, ते म्हणजे काशी. मात्र तेथे जाण्यास द्रव्य लागे, आणि ते ज्यांच्यापाशी नव्हते त्यांची दृष्टी आधी ग्वाल्हेरकडे वळे.

त्याचे कारण उघड आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावला आणि त्या छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. यमुनेच्या अलीकडे भरभक्कम दानधर्म करणारे मराठी राज्य ते हेच. शिंद्यांच्या पदरी आपल्याकडील माणसेही थोडी नव्हती. १७९५ च्या खर्ड्याच्या संग्रामात शिंद्यांची फौज चालविणारे जिवबादादा बक्षी केरकर हे गोमंतकीय सारस्वतच होत. मथुरेतील द्वारकाधीशाचे प्रसिद्ध मंदिर १८१४ साली उभारले, तेही ग्वाल्हेर दरबारचे खजिनदार गोकुळदास पारीख यांनी. दौलतरावांच्या पश्चात बायजाबाईंनी काशीत ज्ञानवापीच्या कूपाभोवती पाषाणाचा मंडप उभविला. गंगेवर शिंदे घाटही बांधविला. त्या घाटाचे बांधकाम स्वतःच्याच भाराने खचले, ही गोष्ट निराळी.

याच बायजाबाई वृद्धपणी मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, अशी वार्ता १८५७ साली कोकणात पोहोचली. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे त्या वेळी तिशीच्या घरात होते. घरी कर्जाचा भार होता. यज्ञाची दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल आणि त्याच फेऱ्यात काशीही घडेल, असा त्यांचा हिशेब होता. वडिलांस तो मुळीच रुचला नाही. हिंदुस्थान दूरचा मुलूख, तिकडील लोक भांग पिणारे आणि स्त्रिया मोहिनी घालणाऱ्या, असे त्यांचे मत! घरातून बाहेर पडू पाहणाऱ्या तरुणास अडविण्याची कारणे प्रत्येक काळात निघतात. त्या काळची ही होती. अखेर चुलते रामभट बरोबर निघाले, तेव्हा अनुज्ञा मिळाली.

माळव्याच्या वाटेवर असतानाच शिपायांच्या उठावाची बातमी कानी आली. मागे फिरावे, तर हाती काही नाही. दोघे पुढेच चालत राहिले. ग्वाल्हेरहून ते झांशीस गेले, आणि १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजने त्या शहरास वेढा घातला तेव्हा आतच सापडले. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. मग कत्तल झाली आणि लूट झाली. चुलत्या-पुतण्यांनी मिळविलेले द्रव्य त्यात गेले. प्राण तेवढे वाचले.

पुढे काळपीच्या बाजूस एका विहिरीवर त्यांची गाठ पराभूत, तहानलेल्या राणी लक्ष्मीबाईंशी पडली. भटजी पाणी काढून देऊ लागले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून बाईंनी स्वतःच पोहरा ओढला. राज्य गेलेले, पाठीवर शत्रू, आणि तरीही मर्यादेचे एवढे भान! सबंध ग्रंथात मला हाच प्रसंग थोर वाटतो. पुढच्या जून महिन्यात ग्वाल्हेरीसच बाईंना वीरमरण आले. फुलबागेजवळील त्यांच्या समाधीस आज लष्करात जाणारा मराठी प्रवासी हात जोडतो.

एवढे भोगल्यावर दुसरा कोणी घरची वाट धरता. विष्णुभटांनी काशी सोडली नाही. चित्रकूट, प्रयाग, अयोध्या आणि काशी ही क्षेत्रे त्यांनी केली. वारंवार लुटले गेल्यामुळे कर्ज फेडावयास निघालेला हा पुरुष जवळजवळ रित्या हातांनीच परतला. जवळ होती ती गंगोदकाची कावड. मुलगा गेला असे घरच्यांनी एव्हाना मनाशी धरले होते. त्या उदकाने विष्णुभटांनी आईवडिलांस स्नान घातले. घरातील धाकट्याने पायी जावे आणि ज्यांना जाता येत नाही त्यांच्याकरिता गंगा दारी आणावी, ही रीत आपल्याकडे होती. आजच्या सहलींच्या जाहिरातींत तिला जागा नाही.

हा वृत्तान्त त्यांनी १८८३ साली लिहून काढला, तो यजमान घराण्यातील चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्य पुढे ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश झाले. सरकारी रोषाच्या भयाने त्यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ पर्यंत छापला नाही, आणि छापला तोही फेरफार करून. मूळ पाठ वाचकांच्या हाती येण्यास १९६६ साल उजाडले; महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी तो संपादिला. ज्यांच्या घरी जुनी प्रत आहे त्यांनी ती या दुसऱ्या पाठाशी ताडून पाहावी. भटजींची स्वतःची भाषा त्यातच आहे.