दरड, यादी आणि अधिकार

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये उभे राहिले की अवतीभवती सपाट मैदान, आखीव सेक्टर आणि सरळ रस्ते दिसतात. येथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसाला दरडीचे भय नाही. तरीही जुलै महिन्यात सह्याद्रीत दरड कोसळल्याची बातमी आली की तो प्रथम गावाकडे दूरध्वनी लावतो. त्या बातमीमागे निसर्गाचा भाग किती आणि प्रशासनाचा किती, याचा येथे थोडा विचार करू.

सह्याद्री हा बेसाल्टच्या थरांचा डोंगर. वरचा खडक झिजून त्याचा मुरूम आणि चिकणमाती होते. खाली अभंग कातळ राहतो. सलग काही दिवस पाऊस झाला की पाणी मातीत मुरत जाते, पण कातळापाशी अडते. माती जड होते, कणाकणांमधील पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि उतारावरचा थर एकदम खाली येतो. पाणी फार असेल तर त्याचाच चिखललोट होतो व वाटेतील दगड, झाडे, घरे घेऊन धावतो. झाडे तोडणे, रस्त्यासाठी उताराचा पायथा कापणे, यंत्राने जमीन सपाट करणे, पाण्याचे ओघळ बुजविणे यांनी हा धोका वाढतो. मात्र याची चाहूल बहुधा आधी लागते. जमिनीला भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते. ही चिन्हे सर्वप्रथम दिसतात ती गावकऱ्याला.

आता इतिहास पाहू. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणांना वैधानिक आधार मिळाला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. सुमारे १५० जण मृत्युमुखी पडले. गाव जागेवर नाही, हे प्रथम लक्षात आले ते सकाळी तेथे आलेल्या एस.टी.च्या चालकाच्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये पुनर्वसित माळीण लोकार्पित झाले आणि पहिल्याच पावसात तेथील भराव व रस्ते खचले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महाड तालुक्यातच तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. तेथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण ढिगाऱ्याखालीच राहिले. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले व हातांनी माती उपसावी लागली.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. याद्या आवश्यक आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे, असा समज कार्यालयात आणि गावातही नकळत रुजतो. पर्जन्यमापनाचेही तसेच आहे. महसूल खात्यात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हा निकष नुकसानभरपाईसाठी उपयुक्त आहे. डोंगराला मात्र गेल्या आठवडाभराचा साचलेला पाऊसही मोजावा लागतो.

येथे भिलाईकडून एक गोष्ट शिकता येते. येथील पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापले गेले आहेत. खाणीतील पायरीची उंची व उतार यांना कायद्याचे बंधन असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धोका दिसताच माणसांना तेथून बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची, हे नियमाने ठरलेले असते. त्या क्षणी वरून परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

डोंगरउतारावरच्या वाडीला असा माणूस नाही. भेग गावकऱ्याला दिसते, तो पोलीस पाटलाला सांगतो, तलाठ्यामार्फत अहवाल तहसीलदारांकडे जातो. आणि दरड रात्री येते. २००५ च्या कायद्याने जिल्ह्याला दिलेल्या अधिकारांतील एवढा एक अधिकार तरी पावसाळ्यापुरता वाडीपर्यंत उतरावा. भेग दिसली, सलग पाऊस सुरू असला, तर पोलीस पाटलाने त्याच संध्याकाळी घरे रिकामी करण्यास सांगावे. निवाऱ्याची शाळा आधी ठरलेली असावी आणि जेवणाचा खर्च विनाचौकशी मंजूर व्हावा. दरड आली नाही, तर एक रात्र गैरसोयीची गेली असे समजावे. त्याबद्दल कोणाकडूनही खुलासा मागू नये.

आपण दूर राहणाऱ्यांनी जुलैमध्ये गावाकडे दूरध्वनी लावाल तेव्हा खुशालीबरोबर एवढे अवश्य विचारावे: घरामागच्या उताराला भेग तर पडली नाही ना? आणि पडली, तर आज रात्री झोपायला कोठे जाणार?