झोळी, गोळी आणि पाळणाघर

1964 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात अ‍ॅन मूर नावाच्या नर्सला मुलगी झाली. अ‍ॅन आणि तिचा नवरा ‘पीस कोअर’चं काम करून पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोहून नुकतेच परतले होते. तिथल्या बायका बाळाला कापडाने पाठीशी बांधून बाजारहाट करायच्या, शेतात राबायच्या, आणि पाठीवरची बाळं निवांत असायची. अ‍ॅनने लेकीला तसंच बांधून बघितलं, पण ती घसरायला लागली. मग ओहायोत राहणाऱ्या आईला तिने गळ घातली आणि आईने पट्टे लावून एक पिशवीवजा झोळी शिवून दिली. 1969 मध्ये तिचं पेटंट मिळालं. ‘स्नगली’ या नावाने ती अमेरिकाभर विकली गेली.

जर्मनीतही असंच घडलं. एरिका हॉफमन या बाईंना जुळ्या मुली होत्या. मेक्सिकोतल्या बायका वापरतात त्या ‘रेबोसो’ नावाच्या लांब शालीत त्या मुलींना बांधायच्या. 1972 मध्ये त्यांनी अशी कापडं विकणारी कंपनी काढली आणि नाव ठेवलं ‘डिडिमॉस’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जुळं.

आज आपल्या फोनवर ‘बेबी कॅरिअर’ शोधलं की जे काही समोर येतं, त्याचे पूर्वज हे असे आहेत. माझ्याकडेही एक आहे, मैत्रिणींनी वर्गणी काढून दिलेला. मी त्यात लेकीला बांधून भाजी आणते, कपडे वाळत घालते, आणि कधीकधी कॅमेरा बंद ठेवून टीमच्या कॉलवर बसते. माझी आजी खटाव तालुक्यातली. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “अगं, ही तर झोळीच की. बक्कल लावल्यालं.” तिने तिची चारही पोरं बांधावरच्या लिंबाच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी टांगून वाढवली. खुरपत खुरपत पात झाडापाशी आली की झोका द्यायचा, पाजायचं, आणि पुन्हा पातीला लागायचं.

कॅरिअरच्या जाहिरातीत मायलेकराच्या नात्याबद्दल बरंच काही असतं. कामाबद्दल चकार शब्द नसतो. टोगोतली बाई किंवा माझी आजी नातं घट्ट करायला बाळ बांधत नव्हत्या. त्यांना काम होतं आणि त्या कामात बाळाला जागा होती. पात थांबवता यायची, ओझं उतरवता यायचं. म्हणून मला वाटतं, या कापडाचा इतिहास मायेपेक्षा मजुरीचा जास्त आहे. बाळ अंगावर राहणार की नाही, हे आईचं काम ठरवतं.

ते काम बदललं की काय होतं, हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय.

1920 च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत. घाटावरून, कोकणातून आलेल्या. गावाकडे झोळी बांधणाऱ्या या बाया देशाला लुगडी-धोतरं पुरवणाऱ्या गिरणीत उभ्या होत्या, पण तिथे झोळी टांगायला झाड नव्हतं आणि भोंगा झोका द्यायला थांबत नव्हता. बाळ चाळीतल्या खोलीत राहायचं, शेजारच्या म्हातारीपाशी नाहीतर सहा-सात वर्षांच्या बहिणीपाशी. आई परत येईपर्यंत ते रडू नये म्हणून त्याला बाळगोळी दिली जायची. त्या गोळीत अफू असायची.

हे तुरळक प्रकार नव्हते. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना नेमलं होतं. 1922 मध्ये त्यांनी नोंदवलं की कामगार बायकांच्या शंभरातल्या 98 बाळांना अफू दिली जाते. गुंगीतलं बाळ रडत नाही, आणि दूधही नीट पीत नाही.

या आकड्याशेजारी मी दुसरा एक आकडा ठेवते. 1986 मध्ये माँट्रियलमध्ये 99 आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. एका गटातल्या आयांना सांगितलं होतं, बाळ रडत असो-नसो, रोज किमान तीन तास जास्त उचलून घ्या. सहा आठवड्यांची झाल्यावर ही बाळं दुसऱ्या गटातल्या बाळांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती. बाळ शांत ठेवायचे दोन मार्ग, अंग किंवा अफू. गिरणीतल्या बाईकडे पहिला शिल्लकच नव्हता.

कायदे आले. मुंबई इलाख्यात 1929 मध्ये देशातला पहिला बाळंतपण-लाभ कायदा झाला. त्याने काही आठवड्यांची रजा आणि रोज आठ आणे दिले. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने पाळणाघर बंधनकारक केलं, पण कुठे? तर जिथे 50 हून जास्त बायका कामाला आहेत तिथे. 1976 मध्ये ही मर्यादा 30 वर आली. मी दिवसभर अटी लिहिते, त्यामुळे ही अट मला लगेच खटकली. मोजणी बायकांची असेल, तर पाळणाघर हा बायका ठेवण्याचा खर्च ठरतो. बाळाला बाप असतो, हे त्या सूत्रात कुठेच नाही. 1960 च्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. त्याला रात्रपाळीवरची बंदी, नवी यंत्रं अशी बरीच कारणं होती. पण ‘बाई महाग पडते’ हा हिशोब तेव्हाही मांडला जायचा आणि आजही मुलाखतीत तो डोळ्यांत दिसतो.

2017 ची दुरुस्ती इथे खरंच वेगळी आहे. रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. मोजायचे ते कर्मचारी, नुसत्या बायका नव्हेत. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभाही आहे. अर्थात ऊसतोडीला गेलेल्या बाईला यातलं काहीच लागू होत नाही. फडाच्या कडेला तिची झोळी आजही टांगलेली असते, आणि तिच्यापुढे दुसरा पर्याय नाही.

माझं ऑफिस लोअर परळला आहे, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. माझे 26 आठवडे पुढच्या महिन्यात संपतात. कंपनीने ज्या पाळणाघराशी करार केलाय, ते दोन स्टेशनं पलीकडे आहे. लोकलने जायला-यायला तासभर, गुणिले चार. उरलेल्या वेळात मी नेमका कोणता कोड लिहायचा?

काल एचआरला मेल पाठवली. त्यात टोगो, बार्न्सबाई किंवा आजीची झोळी यातलं काही लिहिलं नाही. दोनच प्रश्न विचारले. आपल्या इमारतीत पाळणाघराला एक खोली मिळेल का? आणि तिथे बाळ ठेवण्याचा फॉर्म बापांनाही भरता येईल का? सीसीमध्ये टीममधले तीन नवे बाप आहेत. दोघांनी लगेच ‘प्लस वन’ लिहिलं.