वहीच्या कोपऱ्यातली चाल



गेल्या चातुर्मासात माळ्यावरच्या पेटीत सासूबाईंच्या स्तवनांच्या तीन वह्या सापडल्या. प्रत्येक स्तवनाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, 'चाल' लिहून पुढे एखाद्या सिनेमाचं नाव. पानं उलटताना वाटलं, आपल्या नगरमध्ये कोणत्या काळी काय ऐकलं जात होतं, याचा इतिहासच बाईंनी लिहून ठेवलाय.

पहिल्या वहीत 'बैजू बावरा' (1952) आणि 'नागिन' (1954) पुन्हा पुन्हा येतात. तेव्हाचे मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळपास बंदच केली होती. म्हणून लोक रेडिओ सिलोन लावायचे. 1952 मध्ये तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आपली विविध भारती आली ती 1957 मध्ये. आमच्याकडे रेडिओ पुढच्या बैठकीत असायचा. सुनांना सिनेमाला जायची परवानगी नव्हती, पण चाल भिंतीपलीकडून स्वयंपाकघरात यायचीच. पोळ्या लाटता लाटता ती पाठ व्हायची आणि महिला मंडळात तिच्यावर महावीरांचं स्तवन म्हटलं जायचं.

दुसऱ्या वहीत 'जय संतोषी माँ' (1975) आहे, 'गीत गाता चल' (1975) आहे. या दुसऱ्या सिनेमाचे संगीतकार रवींद्र जैन आपल्याच समाजातले. अलीगढला लहानपणी ते जैन मंदिरांत भजनं गात. मग स्वस्त कॅसेटी आल्या आणि स्तवनंही बाजारात विकत मिळू लागली. तिसऱ्या वहीत 'मैंने प्यार किया' (1989) पर्यंतच्या चाली आहेत. पुढची पानं कोरी. त्यानंतर झेरॉक्स आल्या, आता मोबाइल.

मला या सिनेमाच्या चाली कधीच आवडल्या नाहीत. स्तवन कानावर पडलं की डोळ्यांपुढे नायिका नाचते, असं मी एकदा सर्वांदेखत बाईंना बोलले होते. त्या हसल्या फक्त. पण त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ती स्तवनं म्हटली नाहीत.

आज कळतं, ही रीत किती जुनी आहे. आपल्या जुन्या रास-चौपायांत प्रत्येक ढाळेच्या वर 'देशी' लिहिलेली असते, म्हणजे त्या काळच्या कोणत्या लोकगीताच्या चालीवर ती म्हणायची, ते. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ'मध्ये अशा दोन हजारांहून अधिक देशींची यादी दिली आहे. त्यात लग्नाची, विरहाची, संसारातली गाणी आहेत. साधू-कवींनी लोकांच्या ओठांवरचीच चाल घेतली आणि तिच्यात धर्माचे शब्द भरले. आपल्याच नगरमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही परक्या चालींवरच्या भाषांतरित गीतांऐवजी आपल्या मातीतल्या चालींवर ख्रिस्ती भजनं रचली. मग बाईंचं काय चुकलं?

खरं दुःख वेगळंच आहे. पहिल्या वहीत सात-आठ स्तवनांवर सिनेमाचं नाव नाही. तिथे नुसतं 'चाल : जुनी' लिहिलंय. ती चाल त्या माहेरी आजीकडून शिकल्या असाव्यात. 'नागिन'ची चाल मला मोबाइलवर एका मिनिटात सापडली. 'जुनी' कुठेच सापडली नाही. मंडळातल्या दोघी-तिघींना विचारलं, एकीला पहिली ओळ थोडी आठवली, पुढचं नाही. बाई जाऊन चार वर्षं झाली. मी तक्रार केली ती सापडणाऱ्या चालींबद्दल, आणि हरवणारी चाल ऐकून घ्यायची राहिली.

आपल्याकडे स्थानकात वाद्य नाही, सामायिकात मोबाइल नाही. तिथे कंठात असेल तेवढंच आपलं. आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने 1936 मध्ये पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झालं, त्यामुळे आपल्या कितीतरी पिढ्यांचे पाठ पक्के झाले. शब्द पुस्तकांत सुरक्षित आहेत. चालीची मात्र परीक्षा नसते.

म्हणून एक विनंती. पर्युषणाआधी घरातल्या सासूबाई, आजी, काकी, मावशी यांच्याजवळ बसा. सामायिक झाल्यावर, दुपारी निवांत वेळी, त्यांना एक जुनं स्तवन म्हणायला सांगा आणि मोबाइलवर भरून घ्या. आवाज थरथरला तरी चालेल. सुनेला, लेकीलाही सोबत बसवा. ती तेच स्तवन नव्या सिनेमाच्या चालीवर म्हणाली, तर मी केलं तसं करू नका. वहीच्या कोपऱ्यात तीही चाल लिहून ठेवा.

बाईंना मिच्छामि दुक्कडं म्हणायचं माझं राहून गेलं. ते आज इथे म्हणते.

जय जिनेंद्र.