‘लांछन’ या शब्दाची कुळकथा

जन्मतः अंगावर असलेल्या डागास आपण लासे किंवा जन्मखूण म्हणतो. वैद्यकग्रंथांत मात्र त्याला जे नाव होते, ते आज कोणाच्या मुलाविषयी उच्चारले तर भांडणच व्हावयाचे. ते नाव लांछन.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या ओघात अशा खुणांचा विचार आला आहे. तिळाएवढा काळा डाग तो तिलकालक, उडदासारखा उंचवटा तो मशक, चेहऱ्यावरील पातळ सावळा डाग तो व्यंग. आपले तीळ, मस आणि वांग हे याच घराण्यातले. जन्मजात, तांबूस, न दुखणाऱ्या डागास तेथे जतुमणी म्हटले आहे; जतू म्हणजे लाख. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात (याच ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याची टीका आहे) जन्मजात, सपाट, काळ्या वा पांढऱ्या मंडलास लांछन ही संज्ञा दिली. या व्याख्येत ना ग्रहण आहे, ना मातेचा अपराध. गर्भिणीचे डोहाळे न पुरविल्यास अपत्य कुब्ज वा पंगू होते, असे सुश्रुत अन्यत्र सांगतो खरा. पण त्या यादीत त्वचेवरील डाग नाही.

वैद्यकाबाहेर तर हा शब्द मानाचाच होता. विष्णूच्या वक्षावर श्रीवत्सलांछन; जैन तीर्थंकरांची ओळख त्यांच्या लांछनांवरून; बदामीच्या चालुक्यांचे वराहलांछन, गोव्याच्या कदंबांचे सिंहलांछन. चंद्राच्या डागाला मात्र लांछनाप्रमाणेच कलंकही म्हणत, आणि त्या शेजारामुळेच हा शब्द नासला असावा, असे आम्हांस वाटते. मराठीत आज उरली आहे ती केवळ बदनामी.

अर्थ असा घसरला, आणि घरोघरी दोष आईकडे गेला. ग्रहणात तिने काही चिरले असेल, म्हणून मुलाच्या अंगावर डाग उठला! वस्तुतः चेहऱ्यावर पसरणाऱ्या लालजांभळ्या डागाचे कारण २०१३ साली उघड झाले. गर्भ वाढत असता एखाद्या पेशीतील एका जनुकात बदल होतो आणि तो तिच्यापासून झालेल्या पेशींपुरताच राहतो. तो आईबापांकडून आलेला नसतो. आईच्या वागणुकीचाही त्याच्याशी संबंध नाही.

तान्ह्या मुलांच्या कमरेखाली दिसणाऱ्या निळसर डागाचीही अशीच गत. रंगद्रव्याच्या पेशी त्वचेच्या खोल थरात राहून गेल्या म्हणजे तो दिसतो आणि बहुधा बालपणीच मावळतो. जपानात राहणारा जर्मन वैद्य बेल्झ याने १८८५ साली त्याला मंगोल वंशाची खूण ठरविले. वास्तविक भारतीय आणि आफ्रिकी बालकांतही तो सर्रास आढळतो. पाश्चात्त्य देशांत तो माराचा वळ समजला जाऊन आईबापांवर संशय आल्याचे प्रसंग घडले आहेत. म्हणून हल्ली तेथील वैद्य बालकाच्या जन्माबरोबरच या डागाची नोंद करून ठेवतात.