नांगरटीचे सामने आणि नांगऱ्यांचे सख्य

स्पर्धा म्हटली की तिच्यामागोमाग हेवा, चुरस आणि पराजयाचा सल या गोष्टी येणारच, असे आपण गृहीत धरतो. शाळेच्या क्रीडांगणापासून साहित्यसभांच्या व्यासपीठापर्यंत हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु शेतीच्या इतिहासात एक स्पर्धा अशी आहे की, तिने माणसे दुरावण्याऐवजी जवळ आली. स्कॉटलंड, इंग्लंड व आयर्लंड या देशांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भरत आलेले नांगरटीचे सामने ही ती स्पर्धा होय. ज्यांनी हे सामने सुरू केले त्यांचा हेतू माणसे जोडणे हा मुळीच नव्हता. मग मालकांनी आपल्या सोयीसाठी घातलेला हा पायंडा राबणाऱ्या गड्यांनी आपलासा कसा केला, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या सामन्यांच्या उदयाचे एक कारण एका अवजारात सापडते. स्कॉटलंडमधील जुना नांगर मोठा अवजड असे. तो ओढण्यास आठ-आठ, प्रसंगी बारा बैल जुंपावे लागत आणि हाकण्यास अनेक माणसे लागत. बर्विकशर परगण्यातील जेम्स स्मॉल या कारागिराने १७६० नंतरच्या काळात या नांगराची घडण बदलली. माती उलटविणाऱ्या पात्याचा बाक त्याने पुनःपुन्हा प्रयोग करून निश्चित केला, आणि १७८४ साली नांगर व गाड्या यांवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला. या नव्या नांगरास दोन घोडे आणि एक माणूस पुरत असे. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपला जुना लाकडी नांगर जमीन फाडतो, उलटवीत नाही. स्मॉलचा नांगर मातीची सलग पट्टी कापून ती कुशीवर पालथी घालतो. वरचे गवत खाली गाडले जाते आणि एका पट्टीवर दुसरी रेलत जाऊन सबंध शेतावर सारख्या वळ्या उमटतात. पूर्वी अनेकांत वाटलेले काम आता एकट्याच्या हाती आले. अर्थात कौशल्यही त्याचे आणि दोषही त्याचाच.

नवे अवजार गावोगाव पोचावे कसे, हा पुढचा प्रश्न होता. १७८० च्या दशकापासून स्कॉटलंडमध्ये नांगरटीच्या सामन्यांच्या नोंदी आढळू लागतात. जमीनदार व शेतकी मंडळे बक्षिसे लावीत. १७८४ साली स्थापन झालेली हायलंड सोसायटी पुढे स्थानिक सामन्यांसाठी रौप्यपदके देऊ लागली. नव्या नांगराविषयीची शंका फेडण्यास, तो दहा जणांच्या देखत चालविणे यापरता दुसरा उपाय नव्हता. अशी शंका आपल्या भागातही होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी तो घेण्यास धजेनात. १९१० साली त्यांचा कारखाना ज्या माळावर उभा राहिला तेथे पुढे किर्लोस्करवाडी वसली; परंतु त्याआधी गिऱ्हाइकाचे मन वळविण्यातच त्यांचा बराच काळ गेला होता. स्कॉटलंडमध्ये मन वळविण्याचे हे काम पुष्कळ अंशी सामन्यांनी केले.

मालकांचा हिशेब एवढ्यावरच थांबत नव्हता. उत्तम नांगरटीबरोबर उत्तम राखलेल्या घोड्यांच्या जोडीला, झळकणाऱ्या साजाला, इतकेच नव्हे तर सर्वांत मोठे कुटुंब असलेल्या नांगऱ्यालाही बक्षीस मिळे. यामागे गड्याने कष्टाळू, संसारी आणि समाधानी असावे ही अपेक्षा स्पष्ट दिसते. ज्याला हे बक्षीस द्यावयाचे त्याचे जिणे मात्र अस्थिर होते. अविवाहित नांगऱ्याची बोली बहुधा सहा महिन्यांची असे. मुदत संपली की गडीबाजारात उभे राहावे, नव्या मालकाशी मजुरी ठरवावी, आणि पेटी उचलून दुसऱ्या वाडीवर जावे. तेथे बॉथी नावाच्या सामाईक खोलीत इतर गड्यांबरोबर राहावयाचे. घर नाही, जमीन नाही, उद्याची शाश्वती नाही. अशा माणसाजवळ स्वतःचे म्हणावे असे एकच धन होते, ते म्हणजे हातातील कसब. हे कसब चार लोकांपुढे मांडण्याची संधी सामन्याने दिली, आणि म्हणूनच मालकाच्या हिशेबापलीकडचा अर्थ त्या दिवसाला प्राप्त झाला.

सामन्याची रीतही हा अर्थ वाढविणारीच होती. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकास जमिनीचा सारखा तुकडा नेमून दिला जातो. काम ठरलेल्या वेळात पुरे करावयाचे असते. जागतिक सामन्यांत हा अवधी सुमारे तीन तासांचा असतो. मात्र जो आधी संपवील तो जिंकला असे येथे नाही. पहिले तास खुणेच्या काठ्यांवर नजर रोखून सरळ रेषेत काढावे लागते, कारण त्यात आलेला बाक पुढच्या प्रत्येक तासात उतरतो. परीक्षक खोली मोजतात, पट्ट्या सारख्या पडल्या की नाहीत हे पाहतात, गवताचे पाते वर राहिले आहे काय हे शोधतात आणि शेवटचे तास किती नेटके मिटले आहे ते तपासतात. कुस्तीत एकाची चीतपट हाच दुसऱ्याचा विजय असतो. येथे शेजाऱ्याचे तास वाकडे झाल्याने आपले सरळ होत नाही. प्रतिस्पर्धी शेजारच्या तुकड्यात असला तरी झुंज मातीशी, घोड्यांशी आणि स्वतःच्या मनगटाशी चाललेली असते.

माझ्या मते या सख्याचे मर्म येथेच आहे. ज्या कामातील बारकावे मालकासही पुरते कळत नाहीत, ते ओळखणारा जाणता म्हणजे शेजारचा नांगऱ्याच. त्याच्याशी वैर धरणे म्हणजे आपल्या गुणांचा एकमेव खरा पारखी गमावणे होय. एकाच्या अडचणी दुसऱ्यास सांगाव्या लागत नसत. दगडगोट्यांची जमीन, बिचकणारा घोडा, बोथट झालेला फाळ हे सर्वांच्याच अनुभवातले. ईशान्य स्कॉटलंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकात घोडे हाकणाऱ्या नांगऱ्यांचे एक गुप्त मंडळच होते. रात्री खळ्याच्या कोठारात नवख्यास शपथ देऊन त्यात घेतले जाई आणि घोडा वश करणारा ‘शब्द’ त्याला सांगितला जाई. हे सख्य सर्वांसाठी खुले नव्हते, आणि गड्यागड्यांतही मानाची उतरंड कडक होती, हेही नमूद केले पाहिजे. पहिल्या नांगऱ्याच्या आधी दुसऱ्याने तबेल्यातून जोडी बाहेर काढू नये, असा दंडक असे.

तरीही सामन्याच्या शेतावर जुळलेले हे नाते अडीअडचणीस उपयोगी पडे. स्कॉटलंडमध्ये ‘लव्ह डार्ग’ नावाची प्रथा होती. डार्ग म्हणजे एका दिवसाचे काम. गावात नवा कूळ आला, अथवा एखादा शेतकरी आजाराने अंथरुणास खिळला, तर शेजारपाजारचे नांगर एका दिवशी त्याच्या शेतात उतरत आणि संध्याकाळपर्यंत सारी नांगरट उरकून देत. मोबदला म्हणून जेवण आणि पेयपान. मराठी वाचकास येथे आपल्या ‘इर्जिक’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तेथेही गावची औते एकाच्या रानात जमतात आणि मजुरीऐवजी जेवणाची पंगत पडते. या दोन प्रथांचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु जेथे काम एकट्याच्या आवाक्याबाहेरचे आणि हंगाम थोडा, तेथे माणसे सारख्याच वाटेने जातात, एवढे त्यावरून दिसते.

विसाव्या शतकात या सामन्यांनी आणखी मोठी मजल मारली. आयर्लंडमध्ये १९२२-२३ साली यादवी युद्ध होऊन गेले होते. त्याच्या जखमा ताज्या असतानाच किल्डेअर परगण्यातील जे. जे. बर्गिन आणि वेक्सफर्ड परगण्यातील डेनिस ॲलन या दोन मित्रांत, कोणाच्या परगण्यातील नांगरे अधिक निष्णात, असा वाद निघाला. शब्दांनी वाद मिटेना, तेव्हा फेब्रुवारी १९३१ मध्ये अथाय या गावाजवळ नऊ परगण्यांचा सामना भरला. अशा वादाचा निकाल एका दिवसात लागत नसतो; तो दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. आयर्लंडची राष्ट्रीय नांगरट संस्था त्यातूनच जन्मास आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर इंग्लंडातील वर्किंग्टनचे आल्फ्रेड हॉल आदींच्या खटपटीने १९५२ साली जागतिक संघटना स्थापन झाली, आणि १९५३ मध्ये कॅनडातील कोबर्ग येथे पहिला जागतिक सामना झाला. तेथे शांतीचे स्मारक म्हणून दगडांची रास रचण्यात आली, आणि पुढे यजमान देशात असे स्मारक उभारण्याची परंपरा पडली. शांतता शेते कसो, या अर्थाचे लॅटिन वचन हे संघटनेचे ब्रीद आहे. १९५४ चा सामना आयरिश प्रजासत्ताकातील किलार्नी येथे भरला आणि तो सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडच्या ह्यू बार यांनी जिंकला. पुढील दोन वर्षेही जगज्जेतेपद त्यांच्याकडेच राहिले. १९५८ साली हा मेळा पश्चिम जर्मनीत होहेनहाइम येथे जमला. युद्ध संपून अवघी तेरा वर्षे झाली होती. ज्या देशांच्या रणगाड्यांनी एकमेकांची शेते तुडविली होती, त्यांचे नांगरे एकाच शेतात शेजारीशेजारी तास काढीत होते.

आता नांगरापुढे ट्रॅक्टर आला आहे. घोड्यांचे सामने परंपरा म्हणून राखले जातात. आयर्लंडच्या मेळ्यास २०१९ साली तीन दिवसांत जवळजवळ तीन लाख माणसे आली. त्यांतील बहुतेकांना यंत्रे, जनावरे आणि बाजार यांचेच आकर्षण. तथापि मेळ्याच्या एका बाजूस काठ्या रोवलेले तुकडे अजूनही असतात, आणि काम आटोपलेला नांगऱ्या दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून त्याचे तास न्याहाळतो. राजे आणि लढाया यांच्या इतिहासात या माणसाला जागा मिळाली नाही. परंतु दुसऱ्यास खाली न ओढताही त्याच्याहून सरस ठरता येते, हे त्याने शेतात सिद्ध करून दाखविले. आणि मुलांना इतिहास शिकविणाऱ्यांनी लढायांच्या सनावळीबरोबर हेही सांगावे, इतके त्याचे मोल निश्चित आहे.