आमच्या वाद्यवृंदाच्या आवडीच्या तबकड्या

गोरखपूरच्या आपल्या गणेशोत्सवात गाणारी-वाजवणारी मंडळी म्हणजे काही व्यावसायिक कलाकार नव्हेत. कुणी रेल्वेत, कुणी गन कॅरेज फॅक्टरीत, कुणी बँकेत. दिवसा नोकरी, रात्री तालीम. यंदा मी सर्वांना एकच प्रश्न विचारला : गेल्या वर्षभरात तुम्ही सर्वांत जास्त ऐकलेली तबकडी, कॅसेट किंवा अल्बम कोणता? उत्तरे मोठी मजेशीर आली. त्यांत यंदाचा एकही अल्बम नव्हता! पण ती उत्तरे कालक्रमाने मांडली तेव्हा ध्वनिमुद्रित मराठी गाण्याचा शंभर वर्षांचा इतिहासच समोर उभा राहिला. तोच रसिक वाचकांपुढे ठेवत आहे.

आमच्या पेटीवादक काकांची आवड बालगंधर्वांची. भारतातले व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. त्या काळी तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कंपनीचा कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. म्हणजे गाणे मराठी, गायक मराठी, पण तबकडी बंगालची! मी रेल्वेचा माणूस असल्यामुळे मला लगेच तिचा रस्ता आठवतो. मुंबईकडची जी.आय.पी. आणि अलाहाबादकडची ईस्ट इंडियन या दोन रेल्वे मार्च १८७० मध्ये आपल्या जबलपुरातच जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता सलग मार्ग झाला. नागपूरचा मार्ग त्यानंतर तीसेक वर्षांनी पुरा झाला. कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला निघालेल्या मालाला या दोनच सरळ वाटा होत्या.

आणखी एक नाते तर त्याहून जवळचे आहे. ७८ फेऱ्यांची ती जुनी काळी तबकडी बनत असे लाखेपासून. त्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळत. ही लाख पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. छोटा नागपूर आणि छत्तीसगडप्रमाणेच आपल्या सिवनी-बालाघाटच्या जंगलांतही ती होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून जाणारी लाख अपुरी पडू लागली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेच्या सरकारला तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर निर्बंध घालावे लागले. साऱ्या जगाचे संगीत आपल्याकडच्या पळसाच्या फांदीवर अवलंबून होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटे मावत. नाटकात 'वन्समोअर' घेत रंगणारे पद तेवढ्यात बसवायचे म्हणजे आलाप आवरायचे, मुखड्यावर लवकर यायचे. या बंधनातूनच एक नवा प्रकार बहरला, तो म्हणजे भावगीत. १९३० च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांनी कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गाऊन तबकडीवर आणली आणि ती घरोघरी पोचली. ना. घ. हे मेहकरचे वकील. त्या वेळी मेहकर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, हे आपण इथल्या मराठी मंडळींनी विसरू नये. जोशी पुढे एच.एम.व्ही. कंपनीतच ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले.

आमच्या गायिका वहिनींनी एका शब्दात उत्तर दिले : 'गीतरामायण'. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले. वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक महिना आल्याने एकूण गीते झाली ५६. पुढे दीर्घवादन तबकड्या निघाल्या आणि बाबूजींच्या आवाजातले रामायण घरात आले. अशा तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मावतात. त्यामुळे सुटे गाणे न राहता गाण्यांची मालिका ऐकणे शक्य झाले. १९७४ मध्ये, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी आलेला लताबाई आणि हृदयनाथ मंगेशकर यांचा 'शिवकल्याण राजा' हा त्याचा उत्तम नमुना. आमच्या ढोलकीवाल्या सहकाऱ्याची पसंती त्यालाच.

फॅक्टरीतल्या आमच्या तबलजींनी मात्र शब्दच नसलेले संगीत निवडले, तेही शेजारचे : मैहर बँड. कटनीच्या पुढे मैहर स्टेशन येते, तिथले हे भूषण. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास, साथीच्या रोगात अनाथ झालेली मुले जमवून हा वाद्यवृंद उभा केला. त्यातले 'नलतरंग' हे वाद्य त्यांनी बंदुकांच्या नळ्या कापून बनवले. तोफगाड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हेच का आवडावे, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या वयाच्या लोकांचे बालपण कॅसेटचे. कॅसेट स्वस्त होती, प्रवासात फुटत नव्हती. पुण्या-नागपूरहून येणारा प्रत्येक पाहुणा पिशवीत चिवड्याबरोबर एखादी कॅसेट घेऊन येई. सर्वांत धाकट्या की-बोर्डवाल्याने सांगितला तो अजय-अतुल यांचा २००१ सालचा 'विश्वविनायक', आणि मी स्वतः सांगितला २००३ मधला संदीप खरे-सलील कुलकर्णी यांचा 'आयुष्यावर बोलू काही'.

आता या यादीचे मोल काय, असे कुणी विचारेल. आम्ही शिकलो हिंदी माध्यमात. बाजार हिंदी, ऑफिस हिंदी, मित्र हिंदी. आमची मराठी घडली ती कानांनी. हिंदीत 'ळ' नाही. आज आमच्या मुलांच्या तोंडी 'बाळ'चा 'बाल' होतो आणि 'कमळ'चे 'कमल' होते. व्याकरणाचे पुस्तक हातात देऊन हे सुधारत नाही. पण एखादे गाणे पन्नास वेळा ऐकले की 'ळ' आपोआप जिभेवर बसतो, हा आमच्या घरचा अनुभव आहे. मोबाइलवर सर्व काही मिळते हे खरे, पण तिथे जो शोधतो त्यालाच मिळते. ज्या मुलाला गाण्याचे नावच ठाऊक नाही, ते शोधणार काय? घरात कुणी मोठ्याने लावले, तरच ते त्याच्या कानावर पडणार.

म्हणून एक विनंती. सर्वच जुनी गाणी पुन्हा प्रकाशित झालेली नाहीत. जबलपुरातल्या अनेक जुन्या मराठी घरांत माळ्यावर तबकड्या पडून असतील. घर बदलताना त्या भंगारात जातात. त्या जपा. आडव्या रचून ठेवू नका, वजनाने तडकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आपला मे महिना लक्षात घेऊन उन्हापासून दूर ठेवा, उष्णतेने त्या वाकतात. पुसताना स्पिरिट मुळीच वापरू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि गाणे कायमचे जाते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढली तरी पुरे. पोलादी सुईचा जुना ग्रामोफोन असेल तर त्यावर दीर्घवादन तबकडी चुकूनही लावू नका.

ज्यांच्याकडे अशा तबकड्या असतील त्यांनी उत्सवाच्या दहा दिवसांत मंडपात येऊन आम्हा वादकांपैकी कुणालाही सांगावे. आम्ही घरी येऊन त्यांची यादी करू, शक्य त्यांचे संगणकावर मुद्रण करून देऊ आणि तबकडी ज्याची त्याला परत करू. पुढच्या वर्षी आमच्या आवडीच्या यादीत आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावरची एखादी तबकडी यावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!